बुक झालेली साडी

अण्णा खोटं बोलतात हे मला पाचवीत असताना कळलं.

हरभट रोडवर एका रेडिमेडच्या दुकानात काचेमागे एक लाल फ्रॉक टांगलेला होता, गळ्याला पांढरी लेस असलेला. दिवाळीला तोच हवा म्हणून मी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं. शेवटी एका रात्री अण्णा दुकानातून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "विचारून आलो गं. तो बुक झालाय."

'बुक झालाय' म्हटल्यावर भांडायला जागाच उरत नाही. महाग आहे म्हटलं असतं तर मी हट्ट केला असता, नको म्हटलं असतं तर रुसले असते. पण कुणा दुसऱ्या मुलीने आधीच सांगून ठेवलाय म्हटल्यावर काय करणार? मी त्या न पाहिलेल्या मुलीचा मनातल्या मनात राग राग केला आणि अण्णांनी आणलेल्या कापडाचा, आईने शिवलेला फ्रॉक घातला. भाऊबीजेला आत्याकडे निघालो तेव्हा बघते तर लाल फ्रॉक तिथेच. मी अण्णांकडे पाहिलं. ते रस्त्याच्या पलीकडच्या पाटीवर काहीतरी फार लक्ष देऊन वाचत होते.

ती थाप त्यांनी घरी तयार केलेली नव्हती, दुकानातून आणली होती, हे मात्र पुढे बऱ्याच दिवसांनी समजलं.

अण्णा १९६४ साली सांगलीच्या पेठेतल्या एका कापडदुकानात लागले. वय १६. वडील गेलेले, तासगावकडची कोरडवाहू जमीन दोन चुलत्यांत वाटलेली, आणि पाठीवर दोन बहिणी. अकरावीची परीक्षा राहिली ती राहिलीच. पगार महिना ४० रुपये आणि दुपारचा चहा. त्या दुकानातून ते बाहेर पडले २०१२ साली. मधली ४८ वर्षं एकच दुकान, एकच दार, आणि मालकांच्या तीन पिढ्या.

पहिली दोन वर्षं त्यांना गिऱ्हाईकासमोर बसू दिलं नव्हतं. सकाळी गादीवरची चादर झाडायची, माठ भरायचा, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनातून गाठी सोडवून आणायच्या आणि संध्याकाळी मोडलेल्या घड्या घालायच्या. घडी घालणं ही तेव्हा शिकायची गोष्ट होती. साडी हवेतच दोन्ही हातांनी झेलत, काठावर काठ बसवत, जमिनीला न टेकवता घडी करायची आणि शेवटी पदराचा जो भाग डोळ्यात भरतो तो वर आणायचा. चुकली तर जुने मुनीम काही बोलायचे नाहीत, फक्त घडी पुन्हा मोडून समोर टाकायचे. अण्णा घरीसुद्धा चादरी, पंचे, माझा शाळेचा स्कार्फ अशाच घडीत ठेवायचे. आमच्या घरात चुरगळलेलं असं काही नव्हतंच. पैसे नव्हते, पण घड्या होत्या.

तेव्हा मीटर कायद्याने आलेला होता, बोलण्यात मात्र वार होता. नऊवारी पातळ मागायला आलेल्या म्हातारीला सव्वाआठ मीटर म्हटलं की तिला वाटायचं पाऊण वार कापून घेतला. अण्णा तिच्यासमोर पातळ हातावर मोजून दाखवायचे, मग लोखंडी पट्टीवर, मग पुन्हा हातावर. तिसऱ्या मोजणीला म्हातारी म्हणायची, "असूं दे रं बाबा, इस्वास हाय."

सांगलीच्या दुकानात नुसतं मराठी बोलून भागत नाही. कागवाड, अथणी, रायबाग, चिकोडी, सगळा कर्नाटकाचा कडेचा मुलूख बाजाराला आमच्याकडे. अण्णा गादीवरूनच "बर्री अक्का" म्हणून हाक घालायचे आणि साडी पसरून "छलो ऐत्री" म्हणायचे. मला कितीतरी वर्षं वाटायचं की त्यांना कन्नड येतं. त्यांना दुकानापुरतं कन्नड येत होतं. रंग, काठ, पदर, लग्न, बारसं, एवढ्या शब्दांत बसतं तेवढं जग.

त्यांचा जीव इरकलवर. पैठणी दाखवताना ते मालकाचा माल दाखवत असल्यासारखे असायचे, इरकल दाखवताना घरातली वस्तू काढल्यासारखे. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी. मागावर अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा, आणि दोन्ही एकमेकांत फासे घालून अडकवलेले. त्या जोडाला विणकर कोंडी म्हणतात. अण्णा गिऱ्हाईकाचं बोट धरल्यासारखं करून सांगायचे, "हितं फिरवून बघा. लागतंय का काही?" जोड बोटाला हलकासा लागतो, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. नकली मालात पदर नुसता छापलेला किंवा सलग विणलेला, तिथे बोटाला काही लागत नाही. ज्याला साडीतलं काही कळत नाही अशा माणसालाही त्यांनी हे शिकवून ठेवलं होतं. गिऱ्हाईक शहाणं झालं तर धंद्याचं नुकसान, असं एकदा धाकटे मालक म्हणाले होते म्हणे. अण्णांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यात ते पटाईत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. डबा ठेवून मी कोपऱ्यात गाठींवर बसायचे. मे महिना, म्हणजे बस्त्याचे दिवस. ज्यांनी गादीवरचा बस्ता पाहिला नाही त्यांना सांगणं अवघड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नाहीतर टेम्पोतून दोन्हीकडची पंचवीस-तीस माणसं येणार. नवरीच्या साड्या, सासूची, आजेसासूची, करवल्यांच्या, मानाच्या, आहेराच्या, शिवाय टॉवेल-टोप्या. चहाचे तीन फेरे, मग रुसवा, मग कुणाच्या तरी मावशीला दिलेली साडी तिच्या जावेपेक्षा हलकी निघाली म्हणून तंटा. अण्णा मधोमध मांडी घालून, आजूबाजूला साड्यांचा ढीग, आणि आवाज एकदाही चढलेला नाही.

एकदा पलूसकडची एक मुलगी लग्नाची साडी बघत होती. मोरपंखी, जरीच्या काठाची. तिने ती खांद्यावर घेतली आणि सोडेचना. तिचे वडील जरा मागे भिंतीला टेकून बसलेले, बंडीच्या खिशावर हात ठेवून. किंमत त्यांनी विचारली नव्हती. अण्णांनी एकदाच मान वळवून त्या हाताकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. ताई, माफ करा, माझीच चूक. ही बुक हाय, उद्या जयसिंगपूरची माणसं न्यायला येणार आहेत. पोरानं चुकून इकडं काढली." मुलीचा चेहरा पडला. पण तो साडीसाठी पडला. वडिलांसाठी पडला नाही. मग अण्णांनी आतून तसाच मोरपंखी रंग, साधा काठ, निम्म्या किमतीची साडी काढून आणली, आणि म्हाताऱ्याचा खिशावरचा हात हळूहळू खाली आला.

जयसिंगपूरची माणसं दुसऱ्या दिवशी आली नाहीत. मी मुद्दाम डबा घेऊन लवकर गेले होते. मोरपंखी साडी कपाटात तशीच होती. आणि त्या क्षणी मला तो लाल फ्रॉक आठवला.

खिसा ओळखणं हे त्या धंद्यात सगळ्यांनाच येतं, आल्याशिवाय टिकाव लागत नाही. बहुतेक जण ते खिसा रिकामा करायला वापरतात. अण्णांनाही विक्रीचे आकडे गाठावे लागत होते, ते काही साधू नव्हते. मोठ्या बागायतदाराला त्यांनी गळ्यात मारलेल्या साड्या मी पाहिल्यात, आणि त्या रात्री ते जेवताना खुशीत असायचे. पण आपला खिसा ओळखला गेलाय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, एवढं एक पथ्य त्यांनी पाळलं. आमच्याशीही.

आईला पाडव्याला दुकानातली साडी मिळायची. नोकरांना एक साडी सवलतीत, असा रिवाज होता. अण्णा त्यातही डागी माल उचलायचे, म्हणजे विणताना तार तुटलेली, काठ एका जागी सरकलेला, रंगाचा पट्टा आलेला. घरी आणून ते आईला साडी नेसायला लावायचे, आणि दोष कुठे आहे ते बघून निऱ्या किती आणि कुठून घ्यायच्या ते सांगायचे. "दोष निऱ्यांत जातो," हे त्यांचं वाक्य. आईचं अख्खं कपाट अशा साड्यांनी भरलं होतं. कॉलनीत तिच्यासारखी चापून-चोपून साडी कुणी नेसत नाही अशी तिची ख्याती होती. तिला चुकायची सोयच नव्हती.

दिवाळी आम्ही त्यांच्याशिवाय साजरी करायचो असं म्हटलं तर चालेल. वसुबारसेपासून दुकान रात्री अकरापर्यंत उघडं. नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठून सगळ्यांच्या आधी त्यांची आंघोळ, कारण साडेसहाला त्यांना निघायचं असायचं. फटाके ऐकायला ते घरी नसायचे. लक्ष्मीपूजनाला दुकानात वह्यांची पूजा, तिथला लाह्या-बत्तासे-धण्याचा प्रसाद कागदात बांधून घरी येईपर्यंत आम्ही झोपलेलो. मला याचा राग होता, आणि तो पुढे बरीच वर्षं टिकला. 'माझे बाबा' निबंधात वर्गातल्या मुली बाबांबरोबर किल्ला केल्याचं लिहायच्या. मी लिहिलं, माझे बाबा गुळगुळीत घडी घालतात. बाईंनी लाल शाईने 'विषय सोडून' असा शेरा मारला.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्याकडे त्याची बातमी कपाटातून आली. गिरणीची व्हॉइलची पातळं, धोतरजोड्या, लाँगक्लॉथ, एकेक खण रिकामा होत गेला आणि त्या जागी सुरतेचा माल येऊन बसला. न चुरगळणारा, न विटणारा, घसरून पडणारा. अण्णा म्हणायचे, सुरतेची घडी बसत नाही, ती नुसती निजते. पण गिऱ्हाइकाला तेच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर शेतात राबणाऱ्या बाईला रोज धुऊन दोन तासांत वाळणारी साडी मिळाली यात तिचं भलंच झालं. हे अण्णांनीही पुढे मान्य केलं, पण वयाची साठी उलटल्यावर.

नव्वदच्या दशकात मालकांनी दुकान पाडून नवं केलं. गादी गेली, काचेचं काउंटर आलं, ट्यूबलाइट गेल्या, पिवळे दिवे आले. अण्णांचं दुखणं तिथून सुरू झालं. गादीवर विकणारा आणि घेणारा दोघेही मांडी घालून बसायचे. आता गिऱ्हाइकाला स्टूल, आणि आतल्या बाजूला उभं राहायचं. सकाळी दहा ते रात्री साडेआठ. पायांच्या शिरा निळ्या होऊन वर आल्या, गुडघे गेले. रात्री ते पाय भिंतीला लावून पडायचे आणि आई खोबरेल चोळायची. २०१८ साली केरळात कापडदुकानातल्या बायकांच्या लढ्यानंतर दुकानातल्या नोकरांना बसू देण्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये तमिळनाडूतही झाला. मी ती बातमी अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "बसायचा कायदा?" आणि बराच वेळ ते पायांकडे बघत राहिले.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकते. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला तिथे तो लागू होता, नोकरी संपताना दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. प्रॉव्हिडंट फंडाला वीस माणसं लागायची. अण्णांच्या दुकानात मी मोजलेली माणसं चौदा. हजेरीपटावर नावं कायम नऊ. ४८ वर्षांचे ७२० दिवस होतात, मी वहीत गुणाकार करून त्यांच्यापुढे ठेवला होता. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि चांदीचा तांब्या मिळाला. मालक वाईट नव्हते. माझ्या बारावीनंतरच्या फीला त्यांनी बिनव्याजी उचल दिली होती, आणि आई आजारी असताना गाडी पाठवली होती. म्हणूनच अण्णांना भांडता आलं नाही. मला अजूनही वाटतं की उपकार आणि हक्क यांची अशी गाठ बांधून ठेवली की ती सोडवणारा कृतघ्न ठरतो, आणि अर्ध्या बाजारपेठा या गाठीवर चालतात. अण्णांना हे म्हटलं तर ते विषय बदलायचे.

आमचं शिक्षण, माझं लग्न, भावाचं घर, हे सगळं उभं राहिलं पिग्मीवर, म्हणजे रोजच्या थोड्या थोड्या बचतीवर. रोज दुपारी चारच्या सुमाराला पिग्मीवाला यायचा. आधी दोन रुपये, मग पाच, मग वीस. अण्णांनी चहा सोडला तोही पिग्मीसाठी, हे मला त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका काकांनी त्यांच्या माघारी सांगितलं. घरी कारण वेगळंच सांगितलं होतं. पित्त होतं म्हणे.

२००५ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं होतं. पाणी उतरल्यावर अण्णांनी खांबावर निळ्या पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी साल लिहिलं. २०१९ च्या ऑगस्टात पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा ते निवृत्त होऊन सात वर्षं झालेली, वय ७१, विश्रामबागेत भावाकडे राहत होते. तरी दुकानात गेले. धाकट्या मालकांना रेघ दाखवून म्हणाले, "हिच्यावर एक खण सोडा आणि त्याच्या वर सगळा माल चढवा. एवढं बास." आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. २००५ साली कृष्णा ५३ च्या घरात गेली होती. या वेळी ५७ च्याही वर गेली. अण्णांची रेघ बुडाली, वरचा खण बुडाला, त्याच्या वरचाही बुडाला.

कुणी त्यांना दोष दिला नाही. सगळी पेठच पाण्यात होती. पण पाणी ओसरल्यावर ते रोज रिक्षाने दुकानात जाऊन चिखलातल्या साड्या सोडवत बसले. मी पुण्याहून आले तेव्हा दुकानासमोर दोऱ्या बांधून साड्या वाळत घातल्या होत्या, नदीचा कुजका वास सुटला होता, आणि अण्णा एका स्टुलावर इरकली मांडीवर घेऊन बसले होते. पदरांचा लाल रंग सुटून अंगात पसरला होता. "माझं ऐकून ठेवल्या होत्या," एवढंच म्हणाले. त्यातली एक त्यांनी पैसे मोजून विकत घेतली आणि घरी आणली. आईने ती उलगडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी ढग. ती म्हणाली, "आणि ह्याला किती निऱ्या घेऊ?" आम्ही सगळे हसलो. अण्णाही, जरा उशिरा.

ती साडी आई अजून नेसते.

अण्णांचं दुकानात एक काम होतं जे दुसरं कुणी घेत नसे. दुखवट्याचं गिऱ्हाईक. ते ओळखू येतं. दोघं-तिघं येतात, घाईत असतात, भाव करत नाहीत. अण्णा तिथे चहा मागवायचे नाहीत, रंग कोणता म्हणून विचारायचे नाहीत, ढीग घालायचे नाहीत. तीन साड्या काढायचे, तिन्ही रंगीत. हाताखालच्या पोरांना त्यांची सक्त ताकीद होती की पांढरं आपणहून काढायचं नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला, विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ती बातमी अण्णांनी दोनदा वाचली. हेरवाडची गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीची होती. म्हणाले, "बायका कधीच पांढरं मागत नव्हत्या. मागायचे ते बरोबर आलेले पुरुष."

पुढच्या वर्षी थंडीत अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले होते, पाय भिंतीला लावून.

तेराव्याला माहेरची साडी घेऊन मामा आला. तो अण्णांच्याच दुकानात गेला होता. काउंटरवर मिरजेचा तो पोरगा, पोरगा कसला, आता त्याचेच केस पांढरे झालेत, ज्याच्यासमोर अण्णांनी कितीदा घड्या मोडून टाकल्या होत्या. आईने पिशवीतून साडी काढली. डाळिंबी अंगाची इरकल. तिने पदर शोधला, जोडावरून बोट फिरवलं आणि साडी मांडीवर ठेवली.

मामा ओशाळल्यासारखा झाला. "मी पांढऱ्यात, गेला बाजार बदामीत काहीतरी दाखव म्हणत होतो गं. तर तो म्हणाला, मामा, पांढऱ्यातलं सगळं बुक झालंय." मग जरा थांबून त्याने खरोखरच्या नवलाने विचारलं, "एवढं पांढरं नेतं तरी कोण?"

"सीझन असेल," आई म्हणाली.